पोटात नाही, कमरेत नाही, खाली

सामान हलवणाऱ्यांच्या टोळीत दुखणं एकच, कंबर. त्यामुळे सकाळी सहाला कपाट उतरवता उतरवता मुकादम मटकन खाली बसला, तेव्हा काय झालं हे कुणी विचारलंच नाही. चौघांनी त्याला फळीवर पालथा घातला, पाठ रगडली, ओझ्याचा रुंद पट्टा करकचून बांधला. दुखत होतं भलतीकडेच. पण ते चार गड्यांसमोर सांगायचं कुठल्या तोंडाने?

अकराला "सहापासून कंबर धरलीय" म्हणत त्यांनी त्याला घरी आणून सोडलं. चेहरा पांढराफटक. आल्या आल्या दोनदा ओकला.

"कंबर ना?" बायकोने विचारलं.

"हं."

"कंबर धरलेला माणूस ओकतो कधी? खरं सांगा."

"खाली," तो भिंतीकडे बघत पुटपुटला. "उजवीकडे."

"अठरा वर्षांचा संसार, दोन पोरं, आणि माझ्यापुढे लाजताय!" म्हणत तिने पट्टा सोडला आणि पाहिलं. उजवा अंडकोष सुजून वर ओढल्यासारखा आडवा बसला होता. बोट लागताच तो धिप्पाड माणूस रडला.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"आत्ताच. तासभर झाला असेल."

"सहापासून," बायको म्हणाली.

बाईंनी तपासलं आणि घड्याळ पाहिलं. बाराला वीस कमी. "अंडकोषाला पीळ पडलाय. रक्त पोचत नाही. पीळ पहिल्या सहा तासांत सुटला तर बहुतेक वेळा अंडकोष वाचतो. सोनोग्राफीला थांबायचं नाही, थेट ऑपरेशन."

"पण हे तर पोरांना होतं ना? हे एक्केचाळीसचे आहेत!"

"पोरांना जास्त होतं. मोठ्यांनाही होतं. मोठे लपवतात, एवढाच फरक."

स्ट्रेचरवरून त्याने तिचा हात धरला. "गड्यांना कंबरच सांग हं."

दीडला बाई बाहेर आल्या. "काढावा लागला. दुसरा टाके घालून पक्का केलाय, म्हणजे त्याला पीळ पडणार नाही."

ती बाकावर बसली. माणूस जिवंत होता, बरा होणार होता, तरी तिला काही सुचेना. पाच तास तो दात आवळून पडून राहिला. कशासाठी?

एवढ्यात चौघे धावत आले. "वहिनी, कंबर कशी आहे?"

"कंबर ठणठणीत आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं, अवयवाचं नाव घेऊन.

ज्याने पट्टा आवळला होता तो आपल्याच हातांकडे बघत राहिला. मग सगळ्यांत वयस्कर होता तो हळूच म्हणाला, "वहिनी, असं दुखलं तर किती वेळात यायचं?"

"त्याच मिनिटाला," ती म्हणाली. "आणि कुठे दुखतंय ते खरं सांगायचं."