व्हॅनमावशीची तिसरी खेप

"आई, स्टिअरिंग सोड आता. गाडी बंद आहे."

लेकीनं असं म्हटल्यावर व्हॅनमावशीनं खाली पाहिलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, बोटांची पेरं पांढरीफटक. परीक्षा केंद्राच्या आवारात गाडी लावून पाच मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात ती उभ्या गाडीतून कुठं कुठं जाऊन धडकून आली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिनं हात मांडीवर ठेवले. मग पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

"ठमे, पाणी दे."

"तीनदा प्यायलीस. आता परीक्षकाला आधी बाथरूमचा रस्ता विचारावा लागेल."

"तुला चेष्टा सुचतेय."

"मग काय रडू? एकोणीस वर्षं गाडी चालवलीस तू. तो परीक्षक पाळण्यात असेल तेव्हा."

हाच तर घोळ होता. एकोणीस वर्षं तिनं शाळेची व्हॅन चालवली. व्हॅनमावशी हे नाव मुलांनी ठेवलं. मग मुलांच्या आया म्हणू लागल्या, आयांचे नवरे म्हणू लागले, चौकातला हवालदारही म्हणू लागला. चौदा मुलं, रोज दोन खेपा. वाटेतल्या उलट्या, विसरलेले डबे, हरवलेले मोजे, पुढच्या सीटवरून होणारी भांडणं, सगळं तिनं निस्तरलं. एकोणीस वर्षांत एक पावती फाडली नाही की एका गाडीला ओरखडा काढला नाही. हिशेबात एकच डाग होता आणि तो ती कुणाला दाखवत नसे.

आणि इथं, परदेशात लेकीकडे येऊन ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी थांबायच्या पाटीपाशी गाडी पुरती थांबली नाही, नुसती मंदावली, म्हणून. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला तिनं बेतानं, अगदी मायेनं हॉर्न दिला, म्हणून. शिकवणाऱ्या मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला होता. "बाई, इथं हॉर्न म्हणजे शिवी. आणि आरशात बघताना मान वळवा, मान! तुमचे डोळे वळलेले परीक्षकाला दिसत नाहीत."

तेव्हापासून ती स्वयंपाकघरातसुद्धा मान वळवून फ्रिज उघडायची.

हसण्यासारखं होतं, पण घरात कुणी हसत नव्हतं. लेकीला पहिली फिट ओट्याशी उभी असताना आली, दुसरी बाथरूममध्ये. डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर एकही झटका आला नाही तर मग बघू. तोवर गाडी चालवायची नाही. त्यांनी सांगितलं आणि ते मोकळे झाले. परवाना लेकीच्या पर्समध्ये होता तसाच राहिला. तिची प्रयोगशाळा बावीस किलोमीटरवर, पाळी सकाळी साडेसहाची, त्या वेळेला बस नाही. म्हणून आई तिकडच्या परवान्यावर तिला सोडत-आणत होती. तिकडचा परवाना इथं एकच वर्ष चालतो. ते वर्ष परवाच्या शनिवारी संपत होतं, आणि आज नापास झाली तर पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची.

"मग सात आठवडे मी चालवीन," लेक म्हणाली होती. "दोन महिन्यांत काही झालं नाही मला."

"आणि झालं म्हणजे?"

"नोकरी गेली तर दोघींनी काय करायचं, ते सांग आधी."

तासभर वाजलं दोघींचं. शेवटी ठरलं ते असं: आई पास झाली तर किल्ली आईकडे, नापास झाली तर लेकीकडे. व्हॅनमावशीनं हो म्हटलं. त्या दिवसापासून डोळे मिटले की तिला एकच दिसायचं: रस्ता सरळ चाललाय, गाडी धावतेय आणि स्टिअरिंगमागे लेकीची नजर कोरी.

परीक्षक आला. उंच, गुळगुळीत दाढी केलेला, बर्फाच्या लादीवर बसवून आणल्यासारखा. लेक उतरली, खिडकीतून वाकून म्हणाली, "मान!" आणि प्रतीक्षागृहाकडे गेली.

परीक्षक बाजूला बसला. मांडीवर टॅब्लेट ठेवला. "निघा. पुढं उजवीकडे."

इथली भाषा तिला कामापुरती यायची: उजवीकडे, डावीकडे, थांबा, माफ करा. तिनं आरसा पाहिला, मान वळवली, खांद्यावरून मागं पाहिलं. मग भीतीनं सगळं पुन्हा एकदा पाहिलं. गाडी रस्त्याला लागली.

पहिल्या चौकात सगळं ठीक. दुसऱ्या वळणाला परीक्षकाचं बोट टॅब्लेटवर वाजलं. टक.

काय चुकलं? पट्टा? वेग? की बरोबर केलं म्हणूनही वाजतं? मास्तर म्हणाले होते, बारीक चुका पंधरापर्यंत माफ, मोठी एकच पुरे. ती मोजायला लागली. शाळेच्या फाटकापाशी दुसरी टक. गोल चौकातून बाहेर पडताना तिसरी आणि चौथी लागोपाठ. वेग किती, तर चाळीस. माणसं झोपेत चालवतात या वेगानं. तिच्या पाठीवरून मात्र घामाची धार चालली होती. आयुष्यभर तिच्या बाजूला जे बसले ते तिच्या भरवशावर बसले. इथं असा माणूस बसला होता, ज्याचं काम भरवसा न ठेवणं.

तरी गाडी मागं घेतली, ती छान घेतली. दोन गाड्यांच्या मधे लावली, तीही एका दमात. परीक्षक "हं" म्हणाला. त्या एका हुंकारावर तिच्या छातीतलं ओझं हललं. केंद्र आता दोन गल्ल्यांवर राहिलं होतं. टक सहाच झाल्या होत्या.

रस्ता उताराचा होता. डावीकडे मोठं दुकान, फुटपाथला लागून उभ्या गाड्या. दोन गाड्यांच्या फटीतून एक रिकामी ट्रॉली, सामान ढकलत न्यायची चारचाकी, कुणाच्या तरी हातून सुटून सरळ रस्त्यावर आली.

विचार करायला वेळच नव्हता. पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि ट्रॉली बंपरच्या पुढून, वीतभर अंतरावरून खडखडत पलीकडे गेली.

ब्रेक इतका नेमका होता की मास्तरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्याच क्षणी तिचा डावा हात स्टिअरिंग सोडून बाजूला फेकला गेला होता आणि खिडकीच्या काचेवर फाडकन आदळला होता. मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. परीक्षक आधी ट्रॉलीकडे बघत होता. आता तो त्या हाताकडे बघायला लागला.

"हे काय होतं?" त्यानं विचारलं.

काय होतं ते तिला त्याच्याआधी कळलं होतं. व्हॅन चालवायला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी पहिलीतली एक मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला आणि मुलीचा ओठ डॅशबोर्डवर फुटला. टाके पडले. मुलीच्या आईनं एका शब्दानंही बोल लावला नाही, म्हणून तो जास्तच लागला. तेव्हापासून पाय ब्रेकवर पडला की डावा हात आपोआप पुढच्या सीटवरच्या छातीला आडवा जायचा. सोळा वर्षं गेला होता. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि मुलं डावीकडे. इथं सगळं उलटं. पाय, डोळे, मान, सगळ्यांना तिनं वर्षभरात नवं शिकवलं होतं. हाताला शिकवायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मूल," ती म्हणाली. डावीकडच्या काचेकडे बोट दाखवलं. "तिथं... मूल असतं."

परीक्षकानं काचेकडे पाहिलं. तिथं दुकानाची भिंत होती. त्याला काही समजलं नाही, पण हा माणूस वाईट नव्हता. त्यानं मिनिटभर तिला श्वास घेऊ दिला. मग टॅब्लेटवर बोट टेकवलं. हा आवाज आधीच्या आवाजांपेक्षा मोठा नव्हता.

केंद्राच्या आवारात त्यानं सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं. ब्रेक उत्तम. पण धोक्याच्या वेळी हात स्टिअरिंगवरून सुटला. ही मोठी चूक. पास करता येत नाही. माफ करा.

तिनंही माफ करा म्हटलं. हाच शब्द जवळ होता. छापील कागद तिच्या हातात देऊन तो दुसऱ्या गाडीकडे गेला. तिनं कागदाची चौघडी केली, आणखी एक घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली दाबून बसवली.

प्रतीक्षागृहात लेक कॉफीच्या यंत्राशी उभी होती. आईला येताना बघून तिनं तळहात पुढं केला.

"काय मावशी, प्रगतीपुस्तक दाखवा."

तो तळहात बघून व्हॅनमावशी दारातच थांबली. किल्ली तिच्या मुठीत होती. शब्द दिलेला होता. एकोणीस वर्षं तिनं आयांना सगळं खरं सांगितलं होतं: तुमच्या मुलानं डबा टाकून दिला, तुमची मुलगी रडली, ओठ माझ्यामुळे फुटला.

"झाले पास," ती म्हणाली.

"खरंच?"

"मग काय खोटं?"

"कागद?"

"पोस्टानं येतो म्हणाला."

आवाज जराही हलला नाही. गाडी चालवताना जो ताबा हवा होता तो नेमका आत्ता आला होता.

लेकीनं तिला मिठी मारली. घट्ट आणि थोडी जास्तच वेळ. बाजूला झाली तेव्हा डोळे पुसलेले होते, पण चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काही, ते आईला वाचता येईना. लेकीनं पर्स उघडली, स्वतःची जादा किल्ली कडीतून सोडवली. नख तुटलं, तरी सोडवली.

"घे. आता दोन्ही तुझ्याकडे. माझ्याकडे असली की हात शिवशिवतात."

शनिवारी रात्री तिकडच्या परवान्याचं वर्ष संपलं. सोमवारी सकाळी सहाला दोघी निघाल्या. व्हॅनमावशी गाडी चालवत होती तशी कुणी परीक्षेतही चालवत नाही. प्रत्येक पाटी, प्रत्येक रेषा, प्रत्येक आरसा. सोळाव्या किलोमीटरवर चार रस्त्यांचा चौक होता. तिथं सगळ्यांनी थांबायचं आणि आधी आलेल्यानं आधी जायचं. ती थांबली. उजव्या रस्त्यावर पोलिसांची गाडी आधीच येऊन उभी होती.

तिनं वाट पाहिली. पोलिसांची गाडी हलेना. आतल्या पोलीसबाईनं काच खाली केली, हसली आणि हातानं खूण केली: आधी तुम्ही.

बाजूला लेक तोंड उघडं टाकून झोपली होती. झोपच आहे ना, म्हणून आईनं तिची छाती वरखाली होताना पाहिली. मग पोलीसबाईला मान लववली आणि गाडी चौकात घातली. पोलिसांची गाडी वळून तिच्या मागं लागली.

"कोण गं?" लेक झोपेतच पुटपुटली.

"कुणी नाही. झोप तू, अजून सहा किलोमीटर आहेत."