दरीकडची भिंत

घर पाहावं बांधून, म्हणतात. काकूंनी बांधून पाहिलं होतं आणि आता त्या विकून पाहत होत्या. त्यांच्या मते विकणंच जास्त अवघड, कारण बांधताना निदान नवरा आपल्या बाजूला होता.

या नवऱ्याला डोंगरावरच्या त्या वस्तीत सगळे ‘सल्लागार’ म्हणत. शहरातली नोकरी संपवून दोघं वर राहायला आले, तेव्हा सल्लागारांनी स्वतः कुणाचं काडीचंही ऐकलं नव्हतं. त्याची भरपाई त्यांनी पुढं जन्मभर केली. डोंगरात घर बांधायचं म्हणून जो कुणी येई, त्याला ते न विचारता सगळं सांगत. आधी पाणी बघा, मग जमीन. जमीन उन्हाळ्यात पसंत करू नका, एक हिवाळा भाड्यानं राहून बघा. जळण पुढच्या वर्षीचं आत्ताच रचून ठेवा, ओलं लाकूड म्हणजे नुसता धूर. रस्ता बंद झाला की शेजारी हाच डॉक्टर आणि शेजारी हाच दुकानदार, तेव्हा कुंपणावरून भांडू नका. सल्ला खरा असे, फुकट असे आणि संपता संपत नसे.

दुसऱ्यांची घरं त्या सल्ल्यावर नीट उभी राहिली. पण आपलं घर घ्यायला आलेल्या माणसालाही हेच ऐकवायचं म्हणजे कपाळावर हात मारून घ्यायची वेळ. काकूंच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते, छातीही दर थंडीत भरायची. पुढचा हिवाळा वर काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाली शहरात काकूंच्या थोरल्या बहिणीनं मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. सल्लागार नाही म्हणत नव्हते. त्यांची अट एकच, घर कुणाच्या तरी हाती देऊन उतरायचं. रिकाम्या घरात चूल पेटत नाही, भिंती ओल धरतात, छपरावरचा बर्फ कुणी ओढत नाही आणि बघता बघता घर पडतं. एकेक दगड आपण वाहून आणलाय, तो मी असा मरायला टाकून जाणार नाही, असं ते म्हणत. यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून काकूंना भांडताही येत नसे.

आणि गिऱ्हाईक आलं की हेच त्याला पळवून लावत. एक चित्रकार आला होता, बिचारा उजेड बघून खुळावला होता. नळ गोठल्यावर काय काय करावं लागतं, ते सल्लागारांनी त्याला इतकं रंगवून सांगितलं की तो चहा अर्धा टाकून उठला. एक निवृत्त जोडपं आलं, तेही ‘कळवतो’ म्हणून गेलं. ‘कळवतो’ म्हणजे काय, हे काकूंना आता पाठ झालं होतं. पुष्कळदा त्यांना वाटे, हा माणूस हे मुद्दाम करतोय, याला मुळात उतरायचंच नाही. पूर्वी त्या चिडत. हल्ली चिडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

त्या दिवशी एक तरुण जोडपं घर बघायला यायचं होतं. सकाळीच काकू नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, आज काही सांगायचं नाही. काही विचारलंच तर हो म्हणा, नाहीतर गप चहा प्या. मी हात जोडते तुम्हाला.”

त्यांनी खरंच हात जोडले. बोटं एकमेकांना नीट लागेनात. सल्लागार त्या बोटांकडे बघत राहिले आणि “बरं” म्हणाले.

जोडपं आलं ते हसतमुखानं. मुलीला सगळंच आवडत होतं, लोखंडी चूल, माळा, भिंतीतली फडताळं, अगदी पाण्याची जुनी टाकीसुद्धा. दुरून डोंगर साजरे असतात, ही तर जवळ येऊनही भुललेली. तिचा नवरा खोल्या पावलांनी मोजत हिंडत होता. काकू पुढं पुढं होऊन दाखवत होत्या आणि सल्लागार मिठाची गुळणी धरून खुर्चीत बसले होते. होता होता तो मुलगा दरीकडच्या भिंतीपाशी थांबला. बाहेर एवढी सुंदर दरी असताना घर तिच्याकडे पाठ करून का बसलंय, असं त्याला नवल वाटलं.

तिथं पूर्वी खिडकी होती. सल्लागारांनीच हौसेनं भिंतभर काढून घेतली होती. पहिल्याच हिवाळ्यात दरीतून वारा वर चढला, काच तडकली, सकाळी पांघरुणावर बर्फाची भुकटी सापडली आणि काकूंची छाती धरली ती कायमची. बर्फ वितळल्यावर सल्लागारांनी आपल्या हातानं तिथं दगड बसवले. ही हकिगत ते येणाऱ्या प्रत्येकाला हातवारे करून सांगत. आता हे सुरू होणार, हे काकूंनी ओळखलं.

“काका, इथं मोठी खिडकी काढली तर चालेल ना?” मुलानं विचारलं.

सल्लागारांनी कप खाली घेतला. काकूंकडे त्यांनी बघितलं नाही.

“काढा की. उजेड येईल भरपूर.”

या माणसानं कुणाला मन राखण्यापुरतासुद्धा खोटा सल्ला दिलेला काकूंना आठवत नव्हता. म्हणजे ती सगळी गिऱ्हाइकं त्यानं मुद्दाम पळवली नव्हती. त्याला खऱ्याशिवाय दुसरं काही बोलताच येत नव्हतं, आणि आज तो आपल्यासाठी खोटं बोलला होता. काकूंना आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज.

“मग आईंची कॉट इथंच, खिडकीखाली,” मुलगी म्हणाली. “त्यांना दमा आहे, दिवसभर पडूनच असतात. खरं तर त्यांच्यासाठीच इकडं यायचं चाललंय. दरी दिसेल, चांगली हवा मिळेल.”

सल्लागार खुर्चीत पुढं सरकले. तरी ते बोलले नाहीत. शब्द दिला होता. काकूंच्या डोळ्यांपुढं बहिणीची मागची खोली आली, तिच्यात दुपारी येणारं ऊन आलं. आता फक्त बिस्किटांची बशी पुढं करायची होती, की झालं. आणि त्या इतक्या दमल्या होत्या.

“खिडकी काढू नका,” काकू म्हणाल्या. “ह्यांनी माझ्यापायी खोटं सांगितलं. वारा तिकडूनच येतो, म्हणून ती बुजवलीय. आणि आईंना इथं आणूच नका. दम्याच्या माणसाला इथला हिवाळा सोसत नाही. मला कुठं सोसला?”

एकदा तोंड उघडल्यावर मग त्यांनी काही हातचं राखलं नाही. रस्ता कसा बंद होतो, दवाखाना किती लांब पडतो, रात्री खोकल्याची उबळ आली की माणूस कसा नुसता उजाडायची वाट बघतो, सगळं सांगितलं. मुलीनं त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. मुलगा कळवतो म्हणाला. गाडी वळणावळणानं खाली उतरत गेली आणि दिसेनाशी झाली.

काकूंनी कप विसळले. सल्लागार भिंतीपाशी उभे होते.

“मी तू सांगितलंस तसंच बोललो होतो,” ते म्हणाले.

“बोललात. पुन्हा माझ्यासाठी असं बोलू नका.”

ऊन कलायला लागलं होतं. हिवाळ्याचं जळण पडवीत रचायचं राहिलं होतं, ते काही आपोआप रचलं जाणार नव्हतं. काकूंनी टोपली उचलली. सल्लागारांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

“राहू दे ते. तुझ्या ताईंना फोन कर. या आठवड्यात येतो म्हणावं, दोघंही.”

“आणि घर?”

सल्लागारांनी आपण बसवलेल्या दगडांवर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

“पडलं तर पडू दे,” ते म्हणाले.

काकूंच्या बोटांना फोनची बटणं नीट दाबता येईनात, तेव्हा नंबर सल्लागारांनीच लावून दिला.