सोडलेली पानं

कल्याणी सकाळी कॉलेज करायची आणि दुपारनंतर कन्हैयालाल शेठच्या किराणा दुकानात पुड्या भरायची. दुकान ओतूरच्या बाजारपेठेत होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती आणि लंकाबाई समोरासमोर बसत. लंकाबाई डाळ पाखडून द्यायची, कल्याणी ती तोलून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतायची आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवायची. बोटांची टोकं सारखी भाजलेली असत. कांद्याच्या हंगामात ती रविवारी कांदा निवडायलाही जायची.

तिचे वडील भागुजी गवंडी होते. खोडदला दुर्बिणीच्या अँटेनांचं काम चालू होतं तोवर त्यांना रोजचं काम होतं. ते चौथरे बांधून झाले आणि मग आज आहे, उद्या नाही, असं सुरू झालं. तरी मुलीनं बी.ए. व्हायचंच, हा हट्ट त्यांचाच. मांडवी नदीकडच्या त्यांच्या वस्तीत कॉलेजला गेलेली ती पहिलीच मुलगी.

शहाण्णव साली एस.वाय.चे तिचे दोन पेपर राहिले, इंग्रजी आणि अर्थशास्त्र. ते ऑक्टोबरात निघाले नाहीत तर पुढचं वर्ष घरी बसावं लागणार होतं. आणि घरी बसलेल्या मुलीला पाहायला लगेच पाहुणे यायला लागतात, हे तिला ठाऊक होतं.

पावसाळ्यात एके दिवशी शेठ मागच्या खोलीत आले. "कल्याणी, तुला हिंदी नीट वाचता येतं ना? वर जा. आईनं बोलावलंय."

शेठची आई झमकूबाई दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. आयुष्यभर धर्माची पुस्तकं वाचण्यात रमलेली बाई आता भिंतीकडे तोंड करून बसून असे. सुनेला घरकामातून सवड नव्हती. नात सिद्धी नारायणगावच्या इंग्रजी शाळेत जायची. हिंदी वाचताना ती दर शब्दाला अडखळायची.

जैन रिवाजाप्रमाणे त्या चातुर्मासात झमकूबाईनं एक नियम घेतला होता. एका साध्वीजींनी तिला सत्पुरुषांच्या कथांचा एक नवा जाडजूड ग्रंथ दिला होता. तो संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, आत अथपासून इतिपर्यंत ऐकायचा आणि पुरा होईपर्यंत दूध, तूप, साखर तोंडात घालायची नाही, असा तो नियम.

"रोज एक अध्याय वाचायचा," झमकूबाई म्हणाली. "वाचताना तोंडापुढे हा रुमाल धर, ग्रंथाला थुंकी लागायला नको. आणि बेटा, अध्याय लवकर संपला तर लगेच खाली पळू नको. खिडकीपाशी उजेड आहे. तिथं तुझा अभ्यास करत जा. मी शेठला सांगते."

कल्याणीला हे फार मोठं वाटलं. मेणबत्तीपासून तर सुटका झालीच, वर अभ्यासाला जागा मिळाली. घरी एका खोलीत पाच माणसं होती.

पहिले काही दिवस ती मन लावून वाचत राहिली. पण प्रत्येक अध्यायात तीन-चार कथा असत आणि त्या सरता सरत नसत. नगराचं वर्णन, राजाचं वर्णन, राणीच्या स्वप्नांचं वर्णन. अध्याय संपेपर्यंत खिडकीतला उजेड जायचा आणि अर्थशास्त्राचं पुस्तक पिशवीत तसंच राहायचं. परीक्षा जवळ येत होती.

एका दुपारी तिनं नगराच्या वर्णनाचं एक पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. झमकूबाई शांतपणे ऐकत होती. तिला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कल्याणीनं दोन पानं सोडली. त्या आठवड्यात एक अख्खी कथा गाळली. कथा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे मधली एखादी गेली तरी ऐकणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं. मग ती रोजच तसं करायला लागली. अध्यायातली पहिली कथा वाचायची, शेवटची वाचायची आणि मधलं सोडून द्यायचं.

पहिल्यांदा ते चुकीचं वाटलं होतं. पण तिनं मनाची समजूत घातली. या घरात तिला चहा मिळायचा तो स्टीलच्या वेगळ्या ग्लासात. तो ग्लास खिडकीच्या गजापाशी ठेवलेला असायचा आणि चहा झाला की तिनं तो स्वतः विसळून परत तिथंच ठेवायचा. कोणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण कळायचं ते तिला कळलं होतं. पान उलटताना तिची नजर त्या ग्लासाकडे जायची आणि मग हात अडखळायचा नाही. यांच्या धर्माचं मला काय, असं ती मनात म्हणायची.

ग्रंथ ठरल्या दिवशी संपला. झमकूबाईनं दोन्ही हात जोडून डोक्याला लावले. सुनेनं दुधाची वाटी आणली. दीड महिन्यानं म्हातारीनं दूध तोंडात घेतलं आणि वाटी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. कल्याणीच्या हातावर शेठनं दोन ठेवले. "तुझ्यामुळे आईचा नियम पार पडला," ते म्हणाले. ते पेढे तिनं खाल्ले नाहीत. घरी नेऊन धाकट्या भावाला, रविंद्रला, दिले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे वर गेली. उपवासानं झमकूबाईचा आवाज खोल गेला होता. पावलांचा आवाज ऐकून ती भिंतीच्या आधारानं उठून उभी राहिली.

"कल्याणी ना? इथं ये. समोर ये."

कल्याणी समोर गेली. म्हातारीनं हात जोडले आणि मान खाली घातली.

"आजी, हे काय?"

"आम्ही या दिवसांत सगळ्यांची क्षमा मागतो. पण तुझी मी नुसती रीत म्हणून मागत नाही. तुझा ग्लास वेगळा ठेवायला मी सांगितलं होतं. सुनेनं नाही, मी. तू रोज माझ्यासाठी धर्माचं वाचत होतीस आणि मी तुझा ग्लास वेगळा ठेवत होते. काल दिवसभर तेच डोक्यात येत होतं. मिच्छामि दुक्कडम् बेटा. मला क्षमा कर."

सांगायची वेळ हीच होती. तिला ते स्पष्ट कळत होतं. पण पेपर तीन आठवड्यांवर आले होते. आता सांगितलं की ही खिडकी गेली, कदाचित खालचं कामही गेलं.

"असू द्या, आजी," एवढंच ती म्हणाली.

सून घरातल्या कपातून चहा घेऊन आली. तो चहा पिताना कल्याणीला आपण चोरी करतोय असं वाटत राहिलं.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. भागुजी मोठ्यानं हसले. "त्यांनी ग्लासाचं पाप केलं, तू पानांचं. फिटलं की! लई जीवाला लावून घेऊ नगं."

आई बनाबाई चुलीपुढे बसली होती. ती हसली नाही. "ती म्हातारी डोळ्यांनी आंधळी," ती म्हणाली. "तिच्या हातात दुसरं काय व्हतं? तुझ्यावर इसवास ठेवण्याबिगर?"

"मग सांगू का?"

"ते मी कशाला सांगू? तुला समजत न्हाई व्हय?"

कल्याणीनं ठरवलं, पेपर झाले की सांगायचं. पुढचे तीन आठवडे ती झमकूबाईच्या खिडकीत बसून अभ्यास करत होती. वाचायला आता काही उरलं नव्हतं, तरी म्हातारी तिला खाली पाठवत नव्हती. उलट मधूनच सुनेला हाक मारून म्हणायची, "पोरीला दूध दे गं, डोकं चालायला लागतं." कल्याणी मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढत राहायची आणि शेजारी दुधावर साय धरायची.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती सेंटरवरून थेट दुकानात आली आणि जिना चढून वर गेली. बसलीसुद्धा नाही.

"आजी, मी सगळं वाचलं नव्हतं. मधल्या कथा सोडल्या. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून."

झमकूबाईची माळ ओढणारी बोटं थांबली.

"कुठल्या कथा सोडल्यास?"

"मला नाही सांगता येणार. वाचल्याच नाहीत."

"आणि मी दूध प्यायले," म्हातारी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग तिनं विचारलं, "मला सांगावं असं कधीपासून वाटत होतं?"

"तुम्ही हात जोडलेत तेव्हापासून."

"म्हणजे पेपर होईपर्यंत थांबलीस."

कल्याणीनं मान हलवली. मग लक्षात आलं की समोरच्या बाईला ती दिसत नाही. "हो," ती म्हणाली.

"जा आता. खाली जा."

कन्हैयालाल शेठनं तिला कामावरून काढलं नाही. त्यांना काही माहीतच नव्हतं. "आई आता वाचन नको म्हणते, तू पुड्या बघ," एवढंच त्यांनी सांगितलं. कल्याणी पुन्हा लंकाबाईसमोर येऊन बसली.

दिवाळीनंतर लंकाबाई एकदा पाखडता पाखडता म्हणाली, "मोठ्या बाईंनी दूध-तूप परत सोडलंय म्हनं. तोच गरंथ पयल्यापासून ऐकत्यात. सिद्धी वाचती, पन अडखळत, आन बसती ती बी फकस्त रविवारी. शेठ लई समजावत्यात, पन त्या ऐकत न्हाईत. कारन बी सांगत न्हाईत."

कल्याणीच्या हातातली पिशवी ज्योतीत जास्त वेळ राहिली आणि वितळून बोटाला चिकटली.

निकाल लागला. दोन्ही पेपर निघाले. बनाबाईनं वस्तीत साखर वाटली. भागुजींनी ज्याला त्याला बोलावून गुणपत्रिका दाखवली. कल्याणी सगळ्यांच्या पाया पडली आणि मग नदीवर धुणं घेऊन गेली, कारण घरात बसवत नव्हतं. अर्थशास्त्रातला प्रत्येक मार्क कुठून आलाय हे तिला माहीत होतं.

थंडीत झमकूबाई दोनदा आजारी पडली. डॉक्टर वर जाताना, खाली येताना दिसायचे. दूध प्यायला सांगा, असं ते शेठला बजावत होते. एका रविवारी कल्याणी कांदा निवडायला गेली नाही. न बोलावता जिना चढून वर गेली.

सिद्धी ग्रंथ मांडीवर घेऊन रडकुंडीला आली होती. पहिला अर्धा भागसुद्धा झाला नव्हता. झमकूबाई पलंगावर पडून होती. तिची मनगटं काडीसारखी झाली होती.

"आजी, मी कल्याणी. मला वाचू द्या."

"तू नको."

"या वेळेला सगळं वाचीन."

"ते मला कसं कळणार?" झमकूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

कल्याणी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "सिद्धीला शेजारी बसवा. मी वाचीन, तिनं ओळीवर बोट ठेवायचं. एक ओळ जरी सुटली तरी तिनं सांगायचं. मी रोज सिद्धी शाळेतून आल्यावर येईन. दुकानाचं काम संपल्यावर. कामाच्या वेळात नाही."

सिद्धीनं आशेनं आजीकडे पाहिलं.

"बस," झमकूबाई शेवटी म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिघी बसू लागल्या. नववीतली सिद्धी ओळीखालून बोट सरकवायची आणि एकवीस वर्षांची कल्याणी त्या बोटामागून वाचत जायची, शाळेतल्या पोरासारखी. सिद्धी सुरुवातीला या कामावर खूश होती. एखादा 'और' सुटला तरी ती ओरडायची, "दादी, सुटलं!" कल्याणी मागे जाऊन पुन्हा वाचायची. सून दारातून बघत राहायची. तिला हे काय चाललंय ते समजत नव्हतं आणि झमकूबाई तिला समजावत नव्हती. आपल्याला शरमेनं मरायला होईल असं कल्याणीला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिला फक्त थकवा यायचा. टी.वाय.चा अभ्यास पहाटे उठून करावा लागे.

सोडलेल्या कथा आल्या तेव्हा त्या आपल्याला अजिबात माहीत नाहीत, हे तिच्या ध्यानात यायचं. एका कथेत एक बाई नवऱ्याच्या शोधात रानोमाळ हिंडते. ती संपल्यावर झमकूबाई कुशीवर वळली आणि म्हणाली, "चांगली होती ही." कल्याणीला मान वर करवली नाही.

होळीच्या आधी ग्रंथ संपला.

"झालं? सगळं?" झमकूबाईनं विचारलं. विचारलं ते सिद्धीला.

"हो दादी. एकही ओळ नाही सुटली."

सुनेनं दूध आणलं. पेढे या वेळी कोणी आणले नाहीत. कल्याणी उठली आणि खाली आली.

टी.वाय. तिनं एका दमात काढलं. जूनमध्ये तिला घोडेगावला मुलींच्या एका वसतिगृहात लिहिण्या-वाचण्याचं काम मिळालं. ओतूर सोडायच्या आदल्या दिवशी ती दुकानात निरोप घ्यायला गेली. शेठनं एक चांगली साडी आणून तिच्या हातात ठेवली. लंकाबाई रडली. जिन्याशी ती जरा घुटमळली आणि मग वर गेली.

झमकूबाई खिडकीशी खुर्चीत बसली होती. अंगावर थोडं मांस आलं होतं.

"घोडेगावला चाललीस म्हणे."

"हो आजी."

"सिद्धी मामाकडे गेलीय," झमकूबाई म्हणाली. मग थोडं थांबून, "तिथं टेबलावर आजचा पेपर असेल. कोणी वाचून दाखवलेला नाही."

खोलीत त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. कल्याणी खाली बसली. तिनं पेपर उघडला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. बातम्या झाल्या, अग्रलेख झाला. मग बाजारभाव आले. जुन्नरचा कांदा, मंचरचा कांदा, मेथीची जुडी. मग निधनवार्ता. मग बोअरवेलच्या आणि जुनाट खोकल्यावरच्या औषधाच्या जाहिराती.

"जाहिरातीसुद्धा वाचतेस?" झमकूबाई म्हणाली.

"हो."

म्हातारीनं पाय जवळ घेतले, पदर सारखा केला.

"बरं," ती म्हणाली. "वाच मग."