डब्याला जागा

बायडाबाईचा डबा रोज सकाळच्या बसनं शहरात राजारामपुरीला जायचा. शिरोली एमआयडीसीच्या पलीकडं तिचं गाव. कंडक्टर ज्ञानू तिथं डबा घ्यायचा, आपल्या सीटखाली ठेवायचा आणि राजारामपुरीच्या स्टॉपवर थांबलेल्या अक्षताच्या हातात द्यायचा. बायडाबाईची ही लेक तिथं खोली घेऊन मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करत होती. नुकतीच काविळीतून उठलेली. मेसचं तेलकट तिला सोसत नव्हतं.

दिवाळीनंतर त्या मार्गावर नवी विजेची बस आली. मागची बाकं काढून तिथं जाळीचा पिंजरा बसवला होता. शहरातले मालाचे टेम्पो कमी व्हावेत, धूर कमी व्हावा, म्हणून आता पार्सलंही बसनंच जाणार होती. ज्ञानूला बरं वाटलं. डब्याला हक्काची जागा झाली, असं त्यानं बायडाबाईला सांगूनही टाकलं.

पण पिंजऱ्यात मोबाइलवरून नोंदवलेली, स्टिकर लावलेली खोकीच चालत. शिजवलेलं अन्न घ्यायचं नाही, असा नियम होता. ज्ञानूनं काही दिवस डबा पहिल्यासारखाच सीटखाली सरकवला. एकदा तपासनिसाच्या नजरेला तो पडला. पुन्हा दिसला तर घरी बसवीन, असं त्यानं सगळ्या बसमध्ये सुनावलं. ज्ञानूची नोकरी कंत्राटी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा घेतला नाही.

"मावशी, माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाय."

बायडाबाईनं आत डोकावून बघितलं. पिंजऱ्यात चपलांची थोडी खोकी होती, बाकी सगळा मोकळा. "एवढी जागा हाय की," ती म्हणाली. ज्ञानूनं बेल मारली.

प्रवाशानं स्वतःच्या मांडीवर डबा घेतला तर चालत होतं. म्हणून एक दिवस ती स्वतःच निघाली. नवरा यल्लाप्पा अर्धांगवायूनं पडून होता. त्याच्या उशाशी पाणी ठेवलं, दार ओढून घेतलं. परत आली तेव्हा तो कॉटवरून खाली पडला होता. भिजलेल्या धोतरानं तसाच फरशीवर. तिला एकटीला तो उचलेना. शेजारची माणसं कामावरून येईपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मग तिनं बसमधल्या ओळखीच्यांना डबा दिला. कुणी नेला, कुणी विसरून पुढं गेलं. अक्षता स्टॉपवर वाट बघून उपाशीच क्लासला जायची. शेवटी तिनं मेस लावली, आणि महिन्याभरात तिचं पोट पुन्हा बिघडलं.

एका दुपारी ती पुस्तकांचं पोतं घेऊन ज्ञानूच्या बसमध्ये चढली. चेहरा पार उतरला होता. ज्ञानूनं विचारलं, सुट्टी लागली काय?

"न्हाय काका. क्लास सोडला. बाबाजवळ बी माणूस पायजे."

परीक्षेला अजून वेळ हाय, थोडी कळ काढ, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ही कळ काढायची कशाच्या जोरावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं तिकीट फाडून तिला दिलं आणि पुढच्या प्रवाशाकडं वळला.