पाणीमंत्र्याचे ओगराळे

मी एक जुने पितळी ओगराळे आहे. रांजणात हात बुडवावा लागू नये म्हणून माणसांनी वाटीला लांब दांडा जोडला, तेच आमचे कुळ. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना स्वतःची थोडी थोरवी गाण्याची रीत आहे. पण माझ्याकडे थोरवीपेक्षा लाजच जास्त आहे.

भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. लकडगंजचे लाकडाचे व्यापारी वामनराव यांनी १९६१ साली, वडिलांच्या स्मरणार्थ, पूर्व नागपुरातल्या एका नव्या शाळेला मला भेट दिले. दांड्यावर त्यांच्या वडिलांचे नाव कोरलेले होते. त्या नावाने माझे डोकेच फिरले. शाळेत बाकी सगळे पत्र्याचे नाहीतर मातीचे; पितळेचे काय ते मी एकटे. शनिवारी मला चिंच लावून घासत, तेव्हा तर मी कोणाकडे बघतही नसे.

त्या शाळेत दरवर्षी मुलांचे मंत्रिमंडळ निवडले जाई. सफाईमंत्री, बागमंत्री, पाणीमंत्री अशी खाती असत. मतदानही मोठ्या झोकात होई. कोपऱ्यात एक चादर बांधत आणि तिच्या आड प्रत्येक उमेदवाराच्या नावाचे एक मडके ठेवत. प्रत्येक मुलाला एक चिंचोका मिळे. चादरीआड जायचे, हव्या त्या मडक्यात चिंचोका टाकायचा आणि गुपचूप बाहेर यायचे.

निवडून आलेला पाणीमंत्री मधल्या सुट्टीत मला रांजणात बुडवून मुलांना पाणी वाढी. काही मुलांना तो पेल्यात पाणी देई आणि काहींना वरून ओंजळीत. पेला कोणाला आणि ओंजळ कोणाला, हे कुठेही लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना ते ठाऊक होते. ओंजळीची मुले आपोआप रांगेत मागे उभी राहत. धार उंचावरून पडे, त्यांच्या बाह्या भिजत आणि पुढची मुले फिदीफिदी हसत. आणि मी? मित्रांनो, मला तेव्हा अभिमान वाटे. आपण कोणाच्या हाताला लागत नाही, आपण किती स्वच्छ, असे मी मनाशी म्हणत असे. अकरा वर्षे मी हे काम केले. कोणा गुरुजींनी मला थांबवले नाही आणि मलाही कधी थांबावेसे वाटले नाही.

१९७२ सालच्या जुलैत पावसाने पाठ फिरवली. दुसऱ्या सुट्टीपर्यंत रांजणाचा तळ दिसू लागला. त्या वर्षी सातवीतली वच्छला पाणीमंत्रीपदासाठी उभी राहिली. तिचे वडील नत्थू लकडगंजच्या आरा मशीनवर कामाला होते. छप्पन साली त्या घराने धम्मदीक्षा घेतली होती. वच्छला ओंजळीच्या रांगेतली मुलगी. वर्गावर्गात जाऊन तिने एकच सांगितले, "मी शाळा भरायच्या आधी येऊन रांजन भरीन. दुसऱ्या सुट्टीले बी पानी राहीन." गेल्या वर्षीचा पाणीमंत्री चंद्रभान पुन्हा उभा होता; पण तो उशिरा येई आणि अर्धाच रांजण भरी, हे सगळ्यांना माहीत होते. मडकी उपडी केली तेव्हा वच्छलाच्या मडक्यात त्याच्या दुप्पट चिंचोके निघाले.

सोमवारी तिने सकाळी लवकर येऊन रांजण घासला, काठोकाठ भरला आणि मधल्या सुट्टीत मला हातात घेतले. तिचा हात घामाने ओला होता. मला तो नकोसा झाला. हो, मी हे सांगतच आहे, कारण हेच सांगायला मी बसले आहे. हिच्या हातून मला लवकर काढून घेवोत, असे मी मनात म्हटले.

एकही मूल पाणी प्यायला आले नाही. मुले लांब उभी राहिली. काही जण रस्त्यापलीकडच्या नळावर गेले. ओंजळीच्या रांगेतली मुलेसुद्धा आली नाहीत, कारण पुढे कोणीच नसताना आपण कसे जावे, हे त्यांना कळेना. मंगळवारीही तेच झाले. भरलेला रांजण आणि त्याच्याजवळ उभी असलेली ती मुलगी.

बुधवारी सकाळी हेडमास्तर मधुकरराव तिच्याजवळ आले. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्यांना कटकट नको होती.

"वच्छला, तू सफाईचं खातं घे. पान्याचं मी चंद्रभानले देतो. तुलेच तरास कमी होईन, बेटा."

"गुरुजी, पोरायनं मले पान्यासाठी निवडलं," ती म्हणाली. "आजची सुट्टी मले द्या. आज बी कोनी नाही आलं, तं मी सोडतो."

मला आनंद झाला. एकाच सुट्टीचा प्रश्न आहे, मग मी पुन्हा चंद्रभानच्या हातात, असा माझा हिशेब होता.

घंटा झाली. या वेळी वच्छला रांजणापाशी वाट पाहत थांबली नाही. मला हातात धरून ती सरळ मुलांच्या घोळक्यासमोर गेली. तिथे तिच्याच वर्गातला, नेहमी पेल्यात पाणी मिळणारा रविंद्र होता. निवडणुकीत तिच्या बाजूने सगळ्यात जास्त ओरडला होता तोच.

"काहून गा रविंद्र, तू मले मत देल्लं न?"

"देल्लं."

"मंग माह्या हातचं पानी काहून नाही पेत?"

रविंद्रने मान खाली घातली. मग तो जे खरे होते तेच बोलला. "मत चादरीआड टाकलं. कोनाले दिसते? पानी तं सगळ्यायसमोर प्या लागते."

कोणीच हसले नाही. मुले एकमेकांकडे बघू लागली. बहुतेकांचा चिंचोका तिच्याच मडक्यात होता आणि बहुतेकांची पावले तीन दिवस जागची हलली नव्हती. वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती मागे वळून रांजणाजवळ गेली आणि मला धरून उभी राहिली.

थोड्या वेळाने रविंद्र आला. कानापर्यंत लाल झाला होता. पेल्याकडे न बघता त्याने वाकून तिच्यासमोर ओंजळ धरली.

"ओंजळ नको," वच्छला म्हणाली. "पेला घे. आजपासून सगळ्यायले पेला."

तो पेल्यातून घटाघटा प्याला. त्या दिवशी सतरा मुले प्यायली. शाळेत दोनशेच्या वर मुले होती. पण उरलेल्यांतली काही गुरुवारी आली, काही पुढच्या आठवड्यात. काही दिवाळीपर्यंत नळावरच गेली, तेही सांगायला हवे. वच्छलाने मात्र खाते सोडले नाही. पुढे मंत्रिमंडळाच्या सभेत तिने मागणी केली की रांजणाऐवजी तोटीची टाकी असावी, म्हणजे कोणी कोणाला वाढायला नको, ज्याचे त्याने घ्यावे. रविंद्रने सगळ्यांसमोर हात वर करून तिला पाठिंबा दिला. दिवाळीनंतर टाकी आली आणि मला कपाटात टाकले.

आमच्यातले जुने जिन्नस अडगळीत पडल्याचे गाऱ्हाणे सांगतात. मी सांगणार नाही. कपाटात मला पुष्कळ वेळ मिळाला आणि भिजलेल्या बाह्या एकेक करून आठवत गेल्या. त्या मुलांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते, याची मला फार शरम वाटते.

आता १९८६ साल आहे. शाळेचा रौप्यमहोत्सव आहे. इथल्या शिक्षिका कुसुमताईंनी मला कपाटातून काढले, घासूनपुसून प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवले आणि माझ्यापुढे सुंदर अक्षरांत एक पाटी लावली: 'या ओगराळ्याने अकरा वर्षे सर्व विद्यार्थ्यांची तहान प्रेमाने भागवली.' बाई नव्या आहेत, त्यांना जुने काही माहीत नाही. पाहुणे येतात, पाटी वाचतात आणि माझे कौतुक करून पुढे जातात. मी लाजेने अर्धमेले होते, पण मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मला पुन्हा घासू नका, माझी निगाही राखू नका. तुमच्यापैकी कोणीतरी एकाने बाईंकडे जा आणि ही पाटी खोटी आहे, असे सांगा. पण कानात सांगू नका. प्रदर्शन भरलेले असताना, सगळ्यांसमोर सांगा.