घंटेचं माहेर

"आवं, त्या पोरीला आदी शिडीवरनं उतरवा! देवीची घंटा हाय ती, पातेलं न्हाई!"

राही देवळाच्या पायरीवर बसून ओरडत होती. बायको माझीच, म्हणून सांगतो. शिडीवरून पडून डावा खांदा निखळला, पण तोंड शाबूत. मेढ्याच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला आणि उद्यावर जत्रा! जत्रेआधी घंटा घासायचा मान आमच्या घरातल्या बाईचा. यंदा चुकला की तो भावकीत जाणार, आणि भावकी टपलेलीच. घरात दुसरी बाई एकच, आमच्या मुलानं, मानसिंगनं, वसईहून लग्न करून आणलेली रेजिना. ख्रिश्चन. दिवाळीपासून पोरगी घरात राबत होती, पण राहीनं तिला देवघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"मान गेल्यावर रडशील," मी म्हणालो. "घासू दे तिला."

चिंच आणि राख लावून रेजिना घासू लागली. वर्षभराचं कुंकू सुटलं आणि तिचा हात थांबला. घंटेवर एक बाई कोरलेली आहे, कडेवर लेकरू. आम्ही तिला लेकुरवाळी म्हणतो. मूल होत नसलं की बाया तिचीच ओटी भरतात.

"काय झालं गं?" राही खेकसली.

"आई, ही आमची मारियामाता," पोरगी म्हणाली. "वसईला आमच्या देवळातल्या घंटेवर अशीच आहे. पोर्तुगीज मिरी न्यायला यायचे, तेव्हा जहाजातून घंटा आणायचे."

आमचे थोरले सांगायचे, गावची माणसं वसईच्या लढाईला गेली, ती येताना ही घंटा घेऊन आली. आता राही शिडी ओढते की काय, म्हणून मी शिडी घट्ट धरली.

राही उठली. घंटेखाली येऊन तिनं मान वर केली.

"म्हंजी ही बी वसईचीच व्हय?"

"होय, आई."

"आन् हितं नांदली." तिनं डोळ्याला पदर लावला. "एवढ्या लांबनं आली बया, लय सोसलं आसंल. तुज्या म्हायेरचं मानूस हाय, नीट घास. खाचंत राख ऱ्हायली तर गाठ माज्याशी हाय!"

घासून झाल्यावर राहीनंच कुंकवाचा करंडा वर धरला. रेजिनानं आधी छातीवर क्रूस केला, मग कुंकवात बोट बुडवलं. राहीनं करंडा तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर मात्र ती ओट्यावर बसून म्हणाली, "रेजिना, देवघरात जाऊन तेवढा दिवा लाव. माजा हात दुकतोय."

दिवा लावायचा तो उजवा हात चांगला धडधाकट होता. पण मी कशाला बोलू?