पांढऱ्या मीन्याची अंगठी

आमच्या वूस्टरमध्ये बऱ्या घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाच्या अंगठ्या करतात. दफनाच्या दिवशी त्या वाटायच्या. जवळच्यांना अंगठी, लांबच्यांना हातमोजे. अंगठीवर मेलेल्याचं नाव आणि वय, बाकी सगळा मीना. संसारी माणसाचा मीना काळा आणि बिनलग्नाच्याचा पांढरा. मी, लेटिस गार्थ, जन्मभर बिनलग्नाची राहिले, म्हणजे माझ्या अंगठ्या पांढऱ्या होणार. अर्थात त्यांवर पैसे घालवायला कोणी तयार असेल तर.

माझा भाचा अ‍ॅम्ब्रोज सेव्हर्न नदीच्या पुरात घोड्यासकट गेला. बापामागे घर, जमीन सगळं त्याच्या नावावर होतं. दुसऱ्याच दिवशी आमच्या मागच्या दाराशी केझाया पेल येऊन उभी राहिली. पेल म्हणजे आमच्या गावातला हातमोजे शिवणारा, त्याची ही मुलगी. पोट दिसायला लागलं होतं.

"मी त्यांची बायको आहे," ती म्हणाली. "लंडनला जाऊन लग्न केलं आम्ही."

धाकटा भाचा माइल्स खो खो हसला. "लग्न लावलं कुणी? तुरुंगाजवळ पैसे घेऊन चोरून लग्नं लावतो, त्या बेवड्या पाद्र्यानं?"

"हो. तो वारला म्हणतात."

"सोयीचंच झालं की!"

माझी भावजय डॉर्कस, दोघांची आई, मात्र हसली नाही. तिचा सगळा जीव माइल्सवर. ही पोर खरं बोलत असेल, तर तिच्या पोटातलं मूल मालक आणि माइल्स त्याच्या दारचा आश्रित, एवढं तिला लगेच कळलं. तिनं केझायाला बसवलं, शाल पांघरली आणि हळूच विचारलं, "काही खूण आहे का गं?"

केझायानं बोटातली अंगठी दाखवली. आतल्या बाजूला दोघांची नावं आणि लग्नाची तारीख कोरलेली होती.

हे मला मागाहून केझायानंच सांगितलं. त्या वेळी मला वर पाठवलं होतं, तागाच्या चादरी मोजायला. आणि पुढे झालं तेही तिच्याच तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी डॉर्कस स्वतः पेलच्या दुकानात गेली. जी बाई हातमोजेसुद्धा नोकराकडून मागवायची, ती तिथल्या बाकावर बसली आणि तिनं केझायाचा हात हातात घेतला.

"आमच्या घरची रीत आहे, पोरी. विधवेची लग्नाची अंगठी आटवून त्याच सोन्याची नवऱ्याच्या नावाची करतात. ही बघ माझी, सासूबाईंनी करून दिलेली." तिनं आपली काळी अंगठी पुढे केली. "तुझी दे. सगळ्या नातेवाइकांसमोर तुझ्या बोटात घालीन. मग कोणाची बिशाद आहे बोलायची?"

अशी कसलीही रीत आमच्या घरात नव्हती. पण केझायाला ते कोण सांगणार? गरोदरपणानं तिची बोटं सुजली होती. साबण लावून तिनं अंगठी ओढून काढली आणि वर डॉर्कसच्या हाताचा मुका घेतला. दफनात वाटायचे हातमोजे पेलकडूनच घेऊ, असंही डॉर्कस जाता जाता म्हणाली. ते सगळे मोजे केझायानं स्वतः शिवले, सासरचं काम म्हणून.

दफनाहून परतल्यावर दिवाणखान्यात सगळे जमले. पाद्री होते, माझ्या दुसऱ्या भावाचा मुलगा जास्पर होता, तेव्हा मिसरूडही न फुटलेला. गरम वाइन आणि शहाजिऱ्याचा केक फिरत होता. केझाया काळा झगा घालून दाराशी उभी होती आणि मोजे नसलेला हात सारखा पुसत होती. डॉर्कसनं तिला सर्वांच्या मधून पुढे बोलावलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आठवलं की मला आजही डॉर्कसचा गळा दाबावासा वाटतो.

डबी उघडली. अंगठी पांढरी होती.

अख्ख्या खोलीला कळलं. पाद्र्यांनी खाली बघितलं. अ‍ॅम्ब्रोज गार्थ बिनलग्नाचा गेला आणि ही पोटुशी पोरगी त्याची कोणी नाही, हे डॉर्कसनं एक शब्दही न बोलता सांगून टाकलं होतं.

केझायानं हात मागे घेतला. डॉर्कस तिच्या कानाशी वाकली. मी शेजारीच होते, म्हणून ऐकू आलं.

"घे की. सोनं तुझंच आहे. नको असेल तर भट्टीत टाकते परत."

केझायानं घेतली. दुसरं काय करणार होती? त्या सोन्याखेरीज तिच्याजवळ त्याचं काहीच उरलं नव्हतं.

केझायाच्या बोटावर काढलेल्या अंगठीचा वळ दिसत होता; ते सोनं कुठलं हे मला उमगलं आणि राहवलं नाही. मी मोठ्यानं विचारलं, "डॉर्कस, या पोरीची लग्नाची अंगठी आटवलीस ना तू?"

डॉर्कसनं पाहुण्यांकडे बघून उसासा सोडला. "लेटिसला वाइन पचत नाही हो. घरात कोणी गेलं की जरा जास्तच घेते बिचारी."

सगळे हसले. मेल्या माणसाच्या घरात हसायला कारण मिळालं की लोक सोडत नाहीत. जास्पर तर हसून हसून लाल झाला.

केझायाला मुलगी झाली, टॅमसिन. गावानं दोघींना जे म्हणायचं ते म्हटलं. केझायानं अंगठी काढली नाही. लोकांना वाटायचं, काय निर्लज्ज बाई आहे, आपली बदनामी बोटात घालून फिरते.

टॅमसिनचे दुधाचे दात पडत होते, त्या सुमारास माइल्स तापानं गेला. तोही बिनलग्नाचाच. आता सगळं जास्परकडे जाणार होतं, आणि त्यानं प्रेत घरात असतानाच डॉर्कसला सांगितलं, "काकू, मळ्यावरच्या खोल्या झाडून ठेवायला सांगितल्यात. तुम्हाला तिकडे बरं वाटेल."

नात वारस ठरली तरच आपलं घर राहील, म्हणून डॉर्कस पेलच्या दुकानात धावली. पुन्हा त्याच बाकावर बसली, पुन्हा तोच हात धरला आणि या वेळी रडली. सगळ्यांसमोर सगळं कबूल करते, म्हणाली. केझायाचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण टॅमसिनला बापाचं नाव मिळणार होतं, म्हणून ती पोरीचे केस विंचरून, तिला नवे मोजे घालून आली.

तोच दिवाणखाना. अंगठ्यांच्या डब्या या वेळी जास्परपुढे. डॉर्कसनं टॅमसिनला पुढे ओढलं.

"ही माझ्या अ‍ॅम्ब्रोजची मुलगी. लग्नाची! त्याची अंगठी मी आटवली. मी!"

जास्परनं शांतपणे हात वर केला. बोटात अ‍ॅम्ब्रोजची पांढरी अंगठी होती. मग त्यानं खोलीभर बघितलं आणि एकेका नातेवाइकानं आपापला हात बघितला. सगळ्यांच्या बोटांत तीच होती.

"काकू, ही तुम्हीच घातलीत माझ्या बोटात," तो म्हणाला. "तेव्हा खोटं बोलत होतात की आता?"

डॉर्कसनं माझी बाही धरली. "लेटिस, तू सांग! तू त्या दिवशी विचारलं होतंस ना!"

डॉर्कस मळ्यावर जाऊन थंडीनं मेली असती तरी मला चाललं असतं. पण केझाया माझ्याकडे बघत होती. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. डॉर्कसनं तिच्या कानात म्हटलेला शब्द न् शब्द सांगितला.

जास्परनं माझं नीट ऐकून घेतलं. मग पाहुण्यांकडे वळून, डॉर्कससारखाच, उसासा सोडला.

"लेटिस आत्याला वाइन पचत नाही हो."

सगळे हसले.

डॉर्कसला अंगठी मिळाली, मलाही मिळाली, पांढरीच. केझायापुढे जास्परनं हातमोजे धरले, लांबच्यांसाठी आणवलेले. तिनं उलटून शिवण बघितली. तिची स्वतःचीच होती. तिनं टॅमसिनला जवळ घेतलं, अंगठीवरूनच मोजा ओढला आणि बटण लावलं.